हातात उरलेला एक दिवस

उत्तर महाराष्ट्राच्या सहलीचा कागद बहुतेक घरांत सारखाच निघतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, शनिशिंगणापूर, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा. मुक्काम ठरतात, गाडी ठरते, तिकिटं निघतात. मग रजेचा आणि कागदाचा मेळ घालताना कळतं की एक दिवस शिल्लक राहतोय. तो कुठे घालायचा? आजीला शिर्डीत एक आरती जास्त मिळावी असं वाटतं, मुलांना वेरूळ हवं असतं, कुणी म्हणतं त्र्यंबकला ब्रह्मगिरी चढू. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ठरतं.

प्रश्न घरगुती दिसतो, पण किती खोल आहे! अनेक मुक्कामांच्या प्रवासात जास्तीचा वेळ कुठे घालवावा, हे कोडं मधमाशीला रोज पडतं, पाणथळीवरच्या पक्ष्याला पडतं, पंढरीच्या वाटेवरच्या पालखीला पडतं. जीवशास्त्रज्ञांनी त्याचं गणित मांडलं, अर्थशास्त्रज्ञांनी त्याआधी मांडलं, आणि आपल्या पंचांगकर्त्यांना तर आकाशच हा प्रश्न दरवर्षी घालतं. या सगळ्या उत्तरांची पारख करायची तर कोपरगावइतकी चांगली जागा नाही, कारण इथे लाखो लोक येतात आणि जवळजवळ सगळे पुढे जातात.

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून कोपरगाव हे शिर्डीचं रेल्वेचं दार. गाडीतून उतरायचं, टांगा करायचा, गोदावरी ओलांडायची आणि पंधरा-सोळा किलोमीटरवरची शिर्डी गाठायची, हा साईबाबांच्या हयातीतल्या भक्तांचा ठरलेला क्रम. २००९ मध्ये खुद्द शिर्डीला साईनगर स्थानक झालं, २०१७ मध्ये काकडी गावच्या माळावर विमानतळ झाला, २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा कोपरगाव तालुक्यातूनच खुला झाला. दारं वाढली. त्या दारांतून जाणारी माणसं मात्र आजही थांबत नाहीत.

सर्वांत चांगलं ठिकाण आणि पुढचा तास

जास्तीचा दिवस ‘सर्वांत चांगल्या’ ठिकाणाला द्यावा, असं मन पटकन सांगतं. इथेच पहिली गंमत आहे. ठिकाण सर्वांत चांगलं असणं आणि त्याला आणखी एक दिवस देणं फायद्याचं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोपरगाव हा उसाचा मुलूख, तेव्हा रसवंतीचंच उदाहरण घेऊ. चरकातून कांडं पहिल्यांदा गेलं की रसाची धार लागते. तेच कांडं दुमडून पुन्हा घातलं की धार बारीक होते. तिसऱ्यांदा आल्या-लिंबासकट पिळलं की थेंब येतात. चौथ्यांदा रसवंतीवाला पिळत बसत नाही. तो नवं कांडं घेतो. ऊस किती गोड होता याचा इथे संबंध नाही. चिपाड झालेल्या गोड उसापेक्षा न पिळलेला साधा ऊस जास्त रस देतो, एवढंच खरं.

देवदर्शनाचं ठिकाण आणि लेण्यांचं ठिकाण यांतला फरक यातून स्वच्छ दिसतो. रांगेत उभं राहून, डोळे भरून दर्शन झालं की यात्रेकरूचं पुष्कळसं साधलेलं असतं. दुसरा दिवस मिळाला तर आनंदच आहे, पण पहिल्या दिवसाइतका नवा अनुभव तो सहसा देत नाही. वेरूळचं तसं नाही. डोंगराच्या कडेने ओळीने ३४ लेणी आहेत: बौद्ध, हिंदू आणि जैन. सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यात, डोंगर माथ्याकडून पायथ्याकडे कोरत काढलेल्या त्या मंदिरात, अर्धा दिवस कसा जातो कळत नाही. आणि बहुतेक सहली तिथून परत फिरतात. म्हणजे तिथली धार जोरात असतानाच आपण चरक थांबवलेला असतो. तुमच्या कागदावर वेरूळला फक्त दुपार दिलेली असेल, तर उरलेला दिवस बिनदिक्कत तिथे द्या.

हा विचार नियमाच्या रूपात मांडला तो हेर्मान हाइनरिख गॉसेन या जर्मन माणसाने, १८५४ साली. मिळालेली रक्कम किंवा मिळालेला वेळ वेगवेगळ्या सुखांत असा वाटावा, की प्रत्येक ठिकाणच्या शेवटच्या तुकड्यातून सारखंच समाधान मिळेल. एखाद्या ठिकाणचा शेवटचा तास दुसरीकडच्या शेवटच्या तासापेक्षा जास्त देत असेल, तर वाटणी अजून बरोबर झालेली नाही. थोडा वेळ तिकडे सरकवा. गॉसेनच्या पुस्तकाला वाचकच मिळाले नाहीत. निराश होऊन त्याने उरलेल्या प्रती बाजारातून काढून घेतल्या आणि १८५८ मध्ये तो वारला. वीस वर्षांनी इंग्लंडच्या जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञापर्यंत ते पुस्तक पोचलं, आणि आपण स्वतंत्रपणे शोधलेली गोष्ट या अनोळखी माणसाने आधीच लिहून ठेवली होती, हे त्याने जाहीरपणे मान्य केलं.

पक्ष्याला कसं कळतं?

गॉसेनच्या हिशेबात एक गोष्ट नव्हती: वाट. प्रवासात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायलाच वेळ लागतो, आणि त्या वेळात काही मिळत नाही. १९७६ साली एरिक चार्नॉव्ह या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने ही उणीव भरून काढली. पक्षी एका झुडपावर अळ्या वेचतो आहे. सुरुवातीला भराभर मिळतात, मग कमी होत जातात. दुसरं झुडूप आहे, पण उडत जायला वेळ लागेल. झुडूप कधी सोडावं? चार्नॉव्हचं उत्तर असं: या झुडपावरचा मिळकतीचा वेग खाली येत येत, प्रवासाचा वेळ धरून साऱ्या परिसरात मिळणाऱ्या सरासरी वेगाइतका झाला, की त्याच क्षणी उडावं. झुडूप रिकामं होईपर्यंत बसणं तोट्याचं, आणि थोडं कमी झालं म्हणून लगेच उडणंही तोट्याचं.

यातून एक निष्कर्ष आपोआप निघतो. वाट जितकी लांब, तितका मुक्काम मोठा. वाट जितकी आखूड, तितका मुक्काम छोटा.

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या रिचर्ड काउईने हे पिंजऱ्यात तपासलं. ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांसाठी त्याने बनावट झाडं उभी केली, त्यांवर भुश्शाने भरलेली भांडी टांगली आणि भुश्शात अळ्यांचे तुकडे लपवले. भांड्यांवर झाकणं होती. काही वेळा झाकण सहज उघडायचं, काही वेळा पक्ष्याला खटपट करावी लागायची. म्हणजे नव्या ठिकाणी पोचण्याचा खर्च काउई आपल्या हाताने वाढवत-घटवत होता. झाकण कठीण झालं तसे पक्षी प्रत्येक भांड्यात जास्त वेळ थांबू लागले, आणि किती वेळ थांबावं हे जे गणित सांगत होतं त्याच्या पुष्कळ जवळ त्यांची वागणूक गेली. काही वर्षांनी अॅलेक्स काचेल्निकने पिलांना भरवणाऱ्या स्टारलिंग पक्ष्यांवर असंच पाहिलं: अन्नाची जागा घरट्यापासून लांब नेली की पक्षी एका खेपेला जास्त अळ्या चोचीत भरून घेई. पाटी-पेन्सिल न धरलेला जीव हे करतो! आणि माणूसही करतो. २०१३ मध्ये जेरेमी वुल्फ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना संगणकाच्या पडद्यावर झुडपांवरची फळं वेचायला बसवलं. एका झुडपावरून दुसऱ्यावर कधी जायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरी वेचण्याचा वेग सरासरीपाशी आला की बहुतेक जण निघत.

आता समृद्धी महामार्गाकडे या नजरेने बघा. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचं अंतर पूर्वी दिवस खाऊन टाकत असे. आता सकाळी निघून दुपारी पोचता येतं. वाट आखूड झाली, की प्रत्येक मुक्कामही आखूड व्हावा असं चार्नॉव्हचं सूत्र सांगतं. बैलगाडीने आलेला यात्रेकरू तीर्थावर आठवडाभर राहायचा आणि आपण दर्शन घेऊन संध्याकाळी परततो, याचं कारण श्रद्धा आटली एवढंच नसावं. त्याची वाट लांब होती, म्हणून त्याचा मुक्काम लांब होता.

हे पक्षी बघायला ऑक्सफर्डला जावं लागत नाही. कोपरगावहून गोदावरीच्या उलट दिशेने गेलं की निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पाटाच्या पाण्यासाठी बांधला. मागे गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरलं, बेटं झाली, वनस्पती वाढल्या, आणि हिवाळ्यात हजारो पक्षी उतरू लागले: चक्रवाक, चमचे, चित्रबलाक, बदकांच्या कितीतरी जाती. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते हेच. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. आणि याच बंधाऱ्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगावच्या काळ्या जमिनीत ऊस उभा केला. एका दगडी भिंतीने वरच्या अंगाला पक्षी आणले आणि खालच्या अंगाला साखर कारखाने. कोपरगावच्या ऊसवाल्याला आणि मध्य आशियातून आलेल्या बदकाला एकाच पाण्यावर जगताना पाहिलं की भूगोलाच्या पुस्तकातल्या साऱ्या रेघा जिवंत होतात.

आकाशाने दिलेला जास्तीचा दिवस

चार्नॉव्हच्या कितीतरी आधी हा प्रश्न महाराष्ट्र पायी सोडवत आला आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूरला पोचते. दोन्ही टोकं तिथींना बांधलेली. पण दोन तिथींमध्ये दिवस किती, हे दरवर्षी सारखं नसतं.

चंद्र सूर्यापासून आकाशात १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो पृथ्वीजवळ असतो तेव्हा भराभर चालतो आणि तिथी एकोणीस-वीस तासांत उरकते, दूर असतो तेव्हा रेंगाळतो आणि तिथी सव्वीस तासांपर्यंत लांबते. दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या तिथीचं. एका तिथीत दोन सूर्योदय आले तर तिथीची वृद्धी, एकही आला नाही तर क्षय. म्हणून एखाद्या वर्षी पालखीच्या हातात एक दिवस जास्त येतो, एखाद्या वर्षी एक कमी होतो. मुक्कामांची साखळी तर ठरलेली; मग हा दिवस कुठे जिरवायचा?

नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि पहिला मोठा मुक्काम लोणंदला होतो. या लोणंदचा मुक्काम कधी एका रात्रीचा असतो, कधी अडीच दिवसांचा. पंचांगातला चढ-उतार इथे सामावून घेतला जातो. लोणंद म्हणजे बाजारपेठेचं, रेल्वेचं गाव. हजारो माणसांना एक दिवस जास्त पोसण्याची ताकद असलेलं. पुणे आणि सासवड इथे पालखी दोन-दोन रात्री राहते. पुणे ते सासवड ही वाटचाल दिवे घाट चढून जाते आणि साऱ्या वारीतल्या लांब टप्प्यांपैकी ती आहे. त्यानंतर सोपानदेवांच्या गावी विसावा. लांब वाटेनंतर मोठा मुक्काम! परंपरेची कारणं अनेक असतील, पण पायांचा अनुभव आणि चार्नॉव्हचं समीकरण इथे एकाच बाजूला उभे आहेत.

वारीकडून सहलीच्या कागदाने घ्यायची गोष्ट ही, की जास्तीचा दिवस जिथे धरवतो तिथे द्यावा. जेवण, निवारा, औषध मिळतं, गर्दीचा ताण नाही, आणि दिवस वाढला तरी पुढचं काही मोडत नाही, अशा गावी.

दिवस नाही, वार

पुढचं मोडतं कसं, याचं एक कोडं आपल्याच सहलीत दडलेलं आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. समजा तुमच्या कागदावर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ आहे. उत्तम. आता उरलेला दिवस त्याआधी शिर्डीत घातला. सगळं एका दिवसाने पुढे सरकलं: सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. दोन्ही दारं बंद! एका दिवसाची भर घातली आणि सहलीतली दोन मोठी ठिकाणं गेली. उपाय मात्र सोपा आहे: क्रम उलटा करा, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. पण हे कागदावरच दिसायला हवं. अजिंठा संभाजीनगरहून शंभर किलोमीटर, बंद दारापर्यंत जाऊन परत येणं परवडत नाही.

देवस्थानांचे वार याच्या उलट वागतात. ती बंद नसतात, भरून वाहतात. शिर्डीत गुरुवार, शिंगणापुरात शनिवार आणि त्यातही शनी अमावास्या, त्र्यंबकेश्वरी श्रावणातले सोमवार. त्या वारी जायचं तर गर्दीसकट तो सोहळा अनुभवायला जावं. घाईत उरकण्यासाठी जाऊ नये.

यातून एक काटेकोर नियम हाती येतो. जास्तीचा दिवस सुरुवातीला घातला तर तो पुढच्या सगळ्या मुक्कामांचे वार हलवतो. शेवटी घातला तर काहीच हलत नाही. वर, वाटेत गाडी बिघडली, कुणाला ताप आला, रांग लांबली, तर शेवटचा मोकळा दिवस ते सारं पोटात घेतो. मोठी बांधकामं आखणारे अभियंते राखीव वेळ प्रत्येक कामाला चिमूटचिमूट वाटण्यापेक्षा शेवटी एकत्र ठेवायला सांगतात, ते याच कारणाने.

आठवणीला काय मोजता येतं?

आतापर्यंतचा हिशेब प्रवासातल्या समाधानाचा झाला. प्रवास संपल्यावर उरते ती आठवण, आणि तिचा हिशेब वेगळाच आहे.

डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक विचित्र प्रयोग छापला. लोकांनी एकदा मिनिटभर १४ अंशांच्या थंडगार पाण्यात हात धरला. दुसऱ्यांदा तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धं मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूच एका अंशाने कमी थंड केलेलं. यातलं पुन्हा कोणतं करायला आवडेल? बहुतेकांनी लांबचं निवडलं, म्हणजे जास्त वेळ त्रास! शेवट जरा बरा झाला, एवढ्याने आठवण बदलली होती. किती वेळ गेला हे आठवणीने फारसं मोजलंच नव्हतं.

मग सहलीचंही तसंच असेल का? २००८ मध्ये न्यूझीलंडच्या सायमन केम्प आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्यांकडून रोजच्या आनंदाची नोंद घेतली आणि नंतर सबंध सुट्टी कशी वाटली हे विचारलं. शिखर आणि शेवट यांचा नियम इथे विशेष चालला नाही. सगळ्या सुट्टीच्या आठवणीशी चांगला जुळला तो त्यातल्या सर्वांत लक्षात राहिलेल्या किंवा सर्वांत वेगळ्या अशा चोवीस तासांचा आनंद.

किती मोठी बातमी आहे ही! एक वेगळा दिवस सबंध सहलीचा रंग ठरवू शकतो. आणि आपल्या हातात नेमका एकच दिवस आहे. तो चालू मुक्कामांपैकी एखाद्याची पुनरावृत्ती करण्यात घालवायचा, की सहलीत दुसरीकडे कुठेच नसलेलं काही बघण्यात?

वाट वाकडी न करता

सगळे धागे आता एकत्र घेऊ. दिवस अशा जागी द्यावा जिथली धार अजून लागायची आहे. तिथे पोचायला वेगळा प्रवास नसावा. तिथे तो निवांत धरवावा. तो सहलीच्या शेवटाकडे यावा. आणि तो बाकीच्या दिवसांपेक्षा निराळा असावा. शिर्डी-वेरूळच्या सहलीत, जर बाकीच्या ठिकाणांना पोटभर वेळ दिलेला असेल, तर या पाचही कसोट्यांवर एक गाव उतरतं. संभाजीनगरहून वैजापूरमार्गे परतताना ते वाटेतच आहे, रेल्वेच्या रुळावर आहे, आणि तिथे पोचण्याचा खर्च तुम्ही आधीच भरलेला आहे.

कोपरगावच्या दिवसाची सुरुवात गोदावरीने करावी. नदीकाठी बेट म्हणून भाग आहे आणि तिथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे. दैत्यांच्या या गुरूचा आश्रम इथेच होता, असं गाव सांगतं, आणि या देवळाच्या आवारात लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही असंही मानतं. जवळच कचेश्वर. महाभारताच्या आदिपर्वातली कथा इथे पायांखाली येते: मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला देवांकडून आलेला कच, त्याच्यावर जीव जडलेली गुरुकन्या देवयानी, कचाला पुनःपुन्हा मारणारे असुर. शेवटी त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजली गेली. गुरूने पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली, शिष्य पोट फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूला उठवलं. हजार वर्षांचं व्रत पुरं करून कच निघाला, देवयानीने थांब म्हटलं तरी निघाला. किती राहायचं आणि कधी निघायचं, हा पेच किती जुना आहे! तालुक्यातल्या शिक्षणसंस्थांचं नाव संजीवनी का, तेही इथे उलगडतं.

मग राघोबादादांचा वाडा. १७५८ साली लाहोर जिंकणारा, ज्याच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेला भिडल्या तो हा रघुनाथराव पेशवा. पुढे पेशवेपदासाठी इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याच्या साऱ्या हालचाली संपल्या. दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि राहायचं ठिकाण निवडण्याची मोकळीकही. सबंध हिंदुस्थान पालथा घातलेल्या माणसाने शेवटच्या मुक्कामाला कोपरगाव निवडलं. ११ डिसेंबर १७८३ रोजी तो इथेच गेला. आनंदीबाईंनी पुढच्या वर्षी चिमाजी या मुलाला जन्म दिला, आणि मराठेशाहीचा अखेरचा पेशवा दुसरा बाजीराव याचं बालपण याच नदीकाठी गेलं. शनिवारवाड्यावर जाणाऱ्याला पेशवाईचा मध्य दिसतो. तिची घसरण जिथून सुरू होते ती जागा ही.

दुपारी कोकमठाण आणि कुंभारीची जुनी शिवमंदिरं पाहावीत. कुंभारीच्या राघवेश्वराचं दगडी काम निवांत बघावं. वेरूळ नुकतंच पाहिलेलं असेल तर दगडाला देऊळ करण्याच्या दोन रीती मनात शेजारी उभ्या राहतात. एक डोंगरातून दगड काढून टाकत जाणारी, दुसरी दगडावर दगड रचत जाणारी. संध्याकाळी पुणतांबा. गोदेकाठच्या या गावी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगले असं ज्यांच्याविषयी सांगतात त्या योग्याने लहानग्या ज्ञानदेवांना पत्र पाठवायचं ठरवलं. मायना काय लिहावा हे सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला. त्याचं उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी, पासष्ट ओव्या. आणि २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांचा राज्यव्यापी संप सुरू झाला तोही याच गावातून. हिवाळा असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून पहाटेच नांदूर मध्यमेश्वर गाठावं, दुर्बीण घेऊन.

इथला थांबा टाळून जाण्याची एक जुनी गोष्टही साईभक्तांत सांगितली जाते. नानासाहेब चांदोरकर हे डेप्युटी कलेक्टर, बाबांचे जवळचे भक्त. ते कोपरगावला उतरून शिर्डीकडे निघाले. वाटेत गोदाकाठी दत्ताचं मंदिर होतं. तिथल्या स्वामींना घाटासाठी तीनशे रुपये देण्याचं नानांनी कबूल केलं होतं आणि पैसे जवळ नव्हते. म्हणून त्यांनी देऊळ चुकवून काट्याकुट्यांची आडवाट धरली. शिर्डीत पोचले तर बाबा बोलेनात. दत्ताला टाळून माझ्याकडे काय आलास, असा त्या अबोल्याचा अर्थ नंतर उलगडला. ज्यांच्या दर्शनासाठी सगळी घाई, त्यांनीच वाटेवरच्या दाराशी थांबायला सांगितलं होतं.

गॉसेन आणि चार्नॉव्ह आपल्याला सांगतात की पुढचा तास कुठे जास्त देईल ते बघा. पण पुढच्या तासात काय आहे हे त्यांचं गणित सांगत नाही. ते ठिकाणाविषयी माहिती असणाऱ्यालाच दिसतं. पक्ष्याला झुडूप चाखून बघता येतं, आपल्याला वाचून, विचारून, नकाशा उघडून बघावं लागतं. कोपरगावविषयी काहीच ठाऊक नसलेल्याच्या हिशेबात ते शून्य भरतं आणि गाडी पुढे जाते. कच, राघोबा, चांगदेव आणि चक्रवाक ठाऊक असलेल्याच्या हिशेबात तेच गाव पहिलं येतं. म्हणून पुढच्या सहलीचा कागद करताना मुक्कामांची नावं लिहून झाली, की त्यांच्या मधल्या प्रत्येक रेघेवर कोणती गावं लागतात ती लिहा आणि त्या प्रत्येक गावाबद्दल घरातल्या मोठ्यांना, तिथल्या माणसांना, जिल्ह्याच्या गॅझेटियरला विचारा. उरलेला दिवस कुठे घालायचा याचं उत्तर बहुतेक वेळा त्या रेघेवर मिळतं.